डाग

घोडपदेवला, रेल्वेच्या भिंतीला पाठ टेकून
आमचं गॅरेज. दीड गाडी मावते.
उरलेल्या अर्ध्या गाडीवर पालिकेची नोटीस.

मस्कारेन्हस डॉक्टरांची फियाट, अडुसष्ट सालची,
सकाळी गार असते तेव्हा पहिल्या सेल्फला उठते,
भायखळ्याच्या सिग्नलपर्यंत शहाण्यासारखी जाते,
आणि तिथे, तापली की,
दोन ढेकर देऊन बंद.
मग पेट्रोलचा नुसता वास
आणि मागच्यांच्या शिव्या.

तिसऱ्यांदा आली तेव्हा मामा म्हणाले, तू बघ.
मी बघितलं.
चारही प्लग काळे, ओले, तव्याच्या बुडासारखे.
घासले, गॅप लावली. पॉइंट घासले.
नीडल व्हॉल्व्ह नवा घातला, ऑपेरा हाऊसहून आणून.
चोकची केबल सैल केली.
जेटमध्ये तोंडाने फुंकर मारली,
दुपारच्या डब्यातली मेथीसुद्धा पेट्रोलची लागली.

चालली. दोन दिवस.
मग डॉक्टर टॅक्सीने आले
आणि चावी माझ्या हातात न देता
बाकड्यावर ठेवली.

ते उभे राहतात तेही असे,
ऑपरेशनच्या दाराबाहेर माणसं राहतात तसे.
जन्मभर दाराच्या आत होते. सवय नाही.

मामांचा डावा कान ठोकाठोकीत गेलेला.
उजवा अजून कामाचा.
त्यांनी कार्बोरेटरचं झाकण उघडलं, पिन सरकवली,
फ्लोट काढला. पितळेचा, चुन्याच्या डबीएवढा.
पुसला, आणि उजव्या कानाशी नेऊन
नारळ हलवावा तसा हलवला.
मग माझ्या कानाशी.

आत पेट्रोल.
चमचाभरही नसेल, पण बोलत होतं.

ज्याने तरंगायचं त्याच्याच पोटात शिरलं होतं.
तो रोज थोडा बुडत होता
आणि बुडता बुडता दार उघडं धरत होता
आणखी पेट्रोलला.
मी त्याच्या आजूबाजूचं सगळं
लख्ख करून ठेवलं होतं.

स्टोव्ह गल्लीच्या पार टोकाला नेला.
पाणी उकळलं, टोप इकडे आणला,
फ्लोट चिमट्याने आत धरला.
जोडावरून बुडबुडे निघाले, एकामागून एक.
मोहरीहून बारीक भोक.
पेन्सिल उमटेना, नखाने खूण केली
आणि पोट रिकामं होईपर्यंत धरून बसले.

आता डाग दे, मामा म्हणाले. बेताने.

मी दिला. चांगला भरभक्कम, चकचकीत,
परत तक्रार नको म्हणून.
त्यांनी तो वाटीतल्या पेट्रोलवर सोडला.
गळ्यापर्यंत गेला.
भोकाने बुडत होता, आता तुझ्या कथलाने बुडतोय,
म्हणाले, आणि चहाला निघून गेले.

कानस घेतली.
भंगारातून त्याच मापाचा दुसरा फ्लोट शोधला
आणि दोन्ही घेऊन कोपऱ्यावर
वेदपाठकांच्या दुकानात गेले, काट्यासाठी.
चष्मा वर न करता त्यांनी विचारलं,
कुणाचा डाग?
माझाच, म्हटलं.
तेव्हा त्यांनी वर बघितलं. माझी काळी नखं, पितळ.
काही बोलले नाहीत, तोलून दिलं.
दोन गुंजा जास्त.
पायरीवर बसून घासलं. परत तोललं. परत घासलं.
एक बाई मंगळसूत्र घेऊन थांबली होती,
तिने मला जागा करून दिली.

संध्याकाळी डॉक्टरांच्या शेजारी बसून गेले.
भायखळ्याचा सिग्नल लाल.
काटा तापलेल्या घरात.
इंजिन एका लयीत, झोपल्या मांजरासारखं.
हिरवा पडला. मागून हॉर्न सुरू झाले.
डॉक्टरांचा पाय क्लचवर, मान किंचित तिरकी.
सर, निघा, मी म्हटलं.
थांब, म्हणाले,
ऐकू दे.